हार्ड लिंकने तीन कंटेनरांत एकच फाइल : कोटा नक्की कुणाच्या नावावर पडतो?

शिरोली_कास्टिंग

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सर्व्हरचा प्रश्न आहे. मांडणी अशी आहे :

मशीन एकच, डेबियन. डेटासाठी वेगळं एक्सएफएस फाइल सिस्टिमचं पार्टिशन, ते /एसआरव्ही/साठा वर पीकोटा (प्रोजेक्ट कोटा चालू करणाऱ्या) पर्यायासह माउंट केलेलं. त्यात तीन फोल्डर, प्रत्येक फोल्डर बाइंड माउंटने (होस्टवरचा, म्हणजे मशीनवरचा फोल्डर कंटेनरच्या आत जोडून) एकेका डॉकर कंटेनरला दिलेला. 'डिझाइन'ला २५० जीबी कोटा (जागा वापरण्याची मर्यादा), 'बॅकअप'ला ३०० जीबी, 'कोटेशन'ला ५० जीबी. पॅटर्न आणि कास्टिंगची ड्रॉइंग साधारण १८० जीबी आहेत आणि ती तिघांनाही लागतात. जागा वाचावी म्हणून होस्टवर सीपी -एएल चालवून 'डिझाइन'मधल्या फाइलींच्या हार्ड लिंक बाकी दोन फोल्डरांत केल्या. त्यानंतर प्रोजेक्ट कोटा (फोल्डरनिहाय मर्यादा) लावला : आधी डिझाइन, मग बॅकअप, शेवटी कोटेशन.

आता तीन गोष्टी दिसताहेत. एक, कोटा रिपोर्टमध्ये डिझाइनचा वापर जेमतेम ६ जीबी आणि कोटेशनचा १८१ जीबी. दोन, कोटेशन कंटेनरात एक पीडीएफसुद्धा लिहिता येत नाही, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं. पार्टिशनवर मात्र ४०० जीबी मोकळे आहेत. तीन, नव्या ड्रॉइंगची लिंक कोटेशनमध्ये करायला गेलं की 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'. पार्टिशन तर एकच आहे, मग क्रॉस-डिव्हाइस कसलं?

(आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.)

---

राजारामपुरी_लिनक्स

तिन्ही लक्षणांचं मूळ एकच. कोटा फाइलच्या नावावर लागत नाही, आयनोडवर, म्हणजे फाइल सिस्टिममधल्या त्या फाइलच्या नोंदीवर लागतो. आयनोडमध्ये मालकाचा यूआयडी एक, गटाचा जीआयडी एक आणि प्रोजेक्ट आयडी एक. हार्ड लिंक म्हणजे त्याच आयनोडकडे बोट दाखवणारं आणखी एक नाव. शेताला चार बाजूंनी पायवाटा असल्या तरी सातबारा एकच असतो, तसं हे आहे. १८० जीबी एकदाच मोजले जाणार आणि एकाच्याच खात्यावर पडणार. तिघांत ६०-६० जीबी वाटून घेण्याची सोय कर्नलमध्ये नाही.

आता कुणाच्या खात्यावर, ते बघा. एक्सएफएस_कोटा चा 'प्रोजेक्ट -एस' फोल्डरच्या आत खोलवर फिरतो आणि सापडेल त्या प्रत्येक फाइलच्या आयनोडवर आपला प्रोजेक्ट आयडी लिहितो. डिझाइनच्या वेळी सगळ्या ड्रॉइंगवर डिझाइनचा आयडी बसला. बॅकअपवर चालवल्यावर तेच आयनोड पुन्हा सापडले, आयडी बदलला. शेवटी कोटेशन चाललं, म्हणून सगळं ओझं कोटेशनवर. शेवटी जो फिरला त्याचा शिक्का राहिला, एवढाच नियम.

५० जीबीची हार्ड लिमिट (पक्की मर्यादा) असताना १८१ जीबी आत शिरले कसे, हाही प्रश्न पडेल. रूट म्हणून आयडी बदलताना एक्सएफएस मर्यादा आडवी आणत नाही, हिशेब तसाच हलवून टाकतं. त्यानंतरचं लिखाण मात्र अडवतं. प्रोजेक्ट कोटा भरल्यावर एक्सएफएस 'कोटा संपला' असं न सांगता 'डिस्कवर जागा नाही' असंच सांगतं, त्यामुळे माणूस आधी डिस्क तपासत बसतो. कंटेनरात डीएफ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवून बघा : आकार ५० जीबी, मोकळी जागा शून्य दिसेल. प्रोजेक्टचा वारसा-झेंडा (आतल्या नव्या फाइलींना फोल्डरचाच आयडी देणारी खूण) असलेल्या फोल्डरवर डीएफ पार्टिशनचा आकार दाखवत नाही, कोट्याची मर्यादा दाखवतो. सॉफ्ट लिमिट (तात्पुरती ओलांडता येणारी मर्यादा) लावली असेल तर तीच आकार म्हणून दिसते, हार्ड नव्हे. हेही लक्षात असू द्या.

---

पंचगंगा_घाट

राजारामपुरीच्या ताईंनी पहिली दोन सांगितली, तिसऱ्याचं मी सांगतो.

'प्रोजेक्ट -एस' फोल्डरांवर वारसा-झेंडा लावतो, म्हणजे त्यात जन्मणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरचाच प्रोजेक्ट आयडी घेते. ज्या फोल्डरवर हा झेंडा आहे, त्यात वेगळ्या प्रोजेक्ट आयडीच्या फाइलची लिंक करू दिली जात नाही. कर्नल ईएक्सडीईव्ही ही त्रुटी परत पाठवतो आणि तिचा छापील मजकूर 'क्रॉस-डिव्हाइस लिंक' आहे. डिव्हाइस वेगळं नाही, खातं वेगळं आहे. कारण साधं आहे : हे अडवलं नाही तर कुणीही दुसऱ्याच्या खात्यावरची फाइल आपल्या फोल्डरात फुकट आणून ठेवेल आणि फोल्डरनिहाय कोट्याला अर्थच उरणार नाही. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्येही नियम हाच आहे.

पण ही तपासणी फक्त जिथे लिंक होणार त्या फोल्डरची होते. उलट दिशेला दार उघडं आहे. झेंडा असलेल्या फोल्डरातून झेंडा नसलेल्या फोल्डरात लिंक होते, आणि फाइल जुन्याच प्रोजेक्टच्या खात्यावर राहते. मग 'डिझाइन'वाल्यानं फाइल डिलीट केली तरी त्याचा कोटा सुटत नाही, कारण बाहेर दुसरं नाव जिवंत आहे. 'डिलीट करूनही जागा सुटली नाही' अशी तक्रार आली की दोनच गोष्टी आधी बघायच्या : फाइल कुण्या प्रोसेसनं उघडी धरली आहे का, आणि लिंक काउंट १ पेक्षा जास्त आहे का. स्टॅट -सी '%आय %एच %एन' नं आयनोड नंबर आणि लिंक काउंट मिळतो; फाइंड -एक्सडेव्ह -सेमफाइल नं बाकीची नावं.

एमव्हीचंही, म्हणजे फाइल हलवण्याच्या आज्ञेचंही तसंच. वेगळ्या प्रोजेक्टच्या फोल्डरात रीनेम केलं तर तीच ईएक्सडीईव्ही. एमव्ही ती त्रुटी गिळून आतल्या आत कॉपी करतो आणि मूळ फाइल पुसतो. एका क्षणात व्हायचं काम ४० जीबीच्या फाइलला चांगलंच लांबतं, तेवढ्या वेळापुरती दोन्हीकडे जागा लागते, आणि मध्येच वीज गेली तर पलीकडे अर्धी फाइल राहते.

---

शिरोली_कास्टिंग

आलं लक्षात. म्हणजे कोटेशनची मर्यादा वाढवून २५० केली तर चालेल का? निदान तात्पुरतं?

---

राजारामपुरी_लिनक्स

आज कोटेशन सुरू व्हायला हवं असेल तर वाढवा, कंटेनर बंद न करता होतं : एक्सएफएस_कोटा -एक्स -सी 'लिमिट -पी बीहार्ड=२५०जी कोटेशन' /एसआरव्ही/साठा. पण मांडणी तशीच ठेवू नका. कुणी उद्या 'प्रोजेक्ट -एस डिझाइन' पुन्हा चालवला की १८० जीबी डिझाइनकडे उडी मारतील आणि दुसऱ्याच कंटेनरात गोंधळ दिसेल. शिवाय कोट्यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे.

बहुतेक कॅड प्रोग्राम फाइल सेव्ह करताना तात्पुरत्या नावानं नवी फाइल लिहितात आणि शेवटी जुन्या नावावर रीनेम करतात. तसं झालं की डिझाइनमध्ये त्या नावाला नवा आयनोड मिळतो आणि लिंक तुटते. कोटेशनमध्ये जुनं रिव्हिजन तसंच पडून राहतं, कुठेही त्रुटी न येता. याउलट जो प्रोग्राम आहे त्याच फाइलवर लिहितो, त्याचा बदल तिन्हीकडे लगेच दिसतो, बॅकअपमध्येसुद्धा. एसईडी -आय लिंक तोडतो; >> नं जोडलेली ओळ तोडत नाही. म्हणजे कुठली फाइल जोडलेली आणि कुठली सुटलेली हे प्रोग्रामच्या सवयीवर ठरणार. जुन्या ड्रॉइंगवरून कास्टिंगचा दर निघाला तर ते नुकसान ५० जीबी डिस्कपेक्षा फार मोठं आहे. ज्या फाइली बदलतात, त्यांच्यासाठी हार्ड लिंक वापरूच नये असं माझं ठाम मत आहे.

---

मंगळवार_पेठ_सिसॅडमिन

आणि बॅकअप फोल्डरबद्दल कुणीच बोललं नाही अजून. हार्ड लिंकचा बॅकअप हा बॅकअप नाही. आयनोड एक, ब्लॉक एकच. ब्लॉक खराब झाला किंवा कुणी आतून फाइल शून्यावर आणली, तर तिन्ही नावांना तेच दिसणार. आधी १८० जीबीची खरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग बाकीच्या दुरुस्तीला हात लावा. दुरुस्तीत आरएम चालवायचं आहे, म्हणून हे आधी.

---

पंचगंगा_घाट

बरोबर. दुरुस्तीची पद्धत देतो. यात डेटा कॉपी होत नाही, फक्त नावं आणि आयडी हलतात, त्यामुळे १८० जीबी असले तरी काम फाइलींच्या संख्येवर अवलंबून आहे, आकारावर नाही.

कल्पना अशी : ड्रॉइंगना स्वतःचं चौथं खातं द्यायचं. फोल्डर /एसआरव्ही/साठा/मूळ, प्रोजेक्ट आयडी ५००००. डिझाइन ५०००१, कोटेशन ५०००२, बॅकअप ५०००३. आकडे मुद्दाम मोठे घेतलेत, कारण पुढे लिहितो.

तिन्ही कंटेनर थांबवा. 'मूळ' फोल्डर तयार करा आणि एलएसएटीटीआर -पीडी नं खात्री करा की त्यावर पी झेंडा नाही आणि आयडी ० आहे. झेंडा नाही म्हणूनच पुढची पायरी चालणार आहे : सीपी -एएल /एसआरव्ही/साठा/डिझाइन/ड्रॉइंग /एसआरव्ही/साठा/मूळ/. आता जी फाइल खरोखर सामाईक आहे तिचा लिंक काउंट ४ झाला : तीन जुनी नावं आणि हे चौथं.

इथं थांबून बघायचं. कोटेशन आणि बॅकअपमध्ये फाइंड ... -टाइप एफ -लिंक्स -४ चालवा. ही यादी म्हणजे ताईंनी सांगितलेल्या तुटलेल्या लिंक : तिथं वेगळं रिव्हिजन पडलेलं आहे, किंवा कुणी स्वतःची फाइल त्यात ठेवलेली आहे. ही यादी डिझाइनवाल्यांना दाखवल्याशिवाय एकही फाइल पुसायची नाही. ठेवायच्या त्या वेगळ्या फोल्डरात काढून घ्या.

मग तिन्ही ठिकाणची 'ड्रॉइंग' फोल्डर काढा. 'मूळ'मध्ये लिंक काउंट आता १ वर यायला हवा. फाइंड मूळ -टाइप एफ -लिंक्स +१ रिकामं आलं पाहिजे. त्यानंतरच /ईटीसी/प्रोजेक्ट्स मध्ये '५००००:/एसआरव्ही/साठा/मूळ' आणि /ईटीसी/प्रोजआयडी मध्ये 'मूळ:५००००' या ओळी घालून 'प्रोजेक्ट -एस मूळ' चालवा, आणि 'लिमिट -पी बीहार्ड=२२०जी मूळ'. क्रम उलटा केला, म्हणजे जुनी नावं शिल्लक असताना 'मूळ'ला आयडी दिला, तर पुढे कधी कुणी 'प्रोजेक्ट -एस कोटेशन' चालवलं की सगळं परत तिकडे.

शेवटी 'रिपोर्ट -पी -बी -आय -एच'. मूळ १८०, कोटेशन १ जीबीच्या आसपास दिसलं पाहिजे. -आय मुळे फाइलींची संख्याही दिसते. हार्ड लिंक आयनोडच्या संख्येत भर घालत नाही, फक्त फोल्डरचा स्वतःचा आकार किंचित वाढतो आणि तो फोल्डरच्या खात्यावर जातो.

कंटेनरना मग 'मूळ' फक्त वाचण्यासाठी द्या : -व्ही /एसआरव्ही/साठा/मूळ:/ड्रॉइंग:आरओ. लिहायचा अधिकार एकाकडेच, होस्टवरच्या आयात स्क्रिप्टकडे. डिझाइनवाले नवं रिव्हिजन आपल्या 'पाठवायचे' फोल्डरात ठेवतील, स्क्रिप्ट ते सीपीनं 'मूळ'मध्ये तात्पुरत्या नावानं उतरवेल, मग 'मूळ'च्या आतच रीनेम करेल, मग पाठवलेली प्रत पुसेल. कॉपीमुळे नवा आयनोड ५०००० च्या खात्यावर जन्मतो, आणि आतल्या रीनेममुळे कोटेशनवाल्याला अर्धवट फाइल कधी दिसत नाही.

---

शिरोली_कास्टिंग

फार स्पष्ट. दोन शंका. आयडी मोठे का? आणि ड्यू चं (फोल्डरचा आकार मोजणाऱ्या आज्ञेचं) काय, तिन्ही फोल्डरांवर वेगवेगळं चालवलं तर प्रत्येकी १८० च्या वर दाखवायचं.

---

मंगळवार_पेठ_सिसॅडमिन

ड्यू एका फेरीत एक आयनोड एकदाच मोजतो. तीन वेगळ्या वेळा चालवला तर तिन्ही वेळा पूर्ण १८० मोजणार. ड्यू -एसएच डिझाइन कोटेशन बॅकअप असा एकाच आज्ञेत चालवला तर पहिल्याला १८० लागतील, बाकीच्यांना फक्त त्यांचं स्वतःचं. फोल्डरांचा क्रम बदलला की आकडेही बदलतात. ड्यू -एल दिलं तर प्रत्येक नाव वेगळं मोजतो. यातला एकही आकडा कोट्याच्या आकड्याशी जुळायलाच हवा असं नाही, कारण ड्यूला प्रोजेक्ट आयडी कळत नाही. हिशेब कोटा रिपोर्टवरूनच करायचा.

आयडीचं : डॉकर ओव्हरले२ ला (इमेजचे थर एकावर एक रचणाऱ्या साठवणीला) --स्टोरेज-ऑप्ट साइझ= दिलं तर तोही एक्सएफएसचा प्रोजेक्ट कोटाच वापरतो, आणि कंटेनरना आयडी स्वतः वाटतो. तो आपल्या मूळ फोल्डरच्या आयडीच्या पुढून मोजायला लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी १, २, ३. /ईटीसी/प्रोजेक्ट्स मधलं त्याला दिसत नाही. डॉकरचा डेटा आणि तुमचे फोल्डर एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर १०१ सारखा आयडी दोघांकडेही जाऊ शकतो, आणि मग कुठल्याशा कंटेनरचा लॉग तुमच्या कोटेशनच्या खात्यावर. तुमचं पार्टिशन वेगळं आहे म्हणून धोका नाही, तरी मोठे आकडे घेण्याची सवय चांगली.

आणखी एक : ते साइझ= फक्त कंटेनरच्या स्वतःच्या लिहित्या थराला लागतं. -व्ही नं दिलेल्या फोल्डरला नाही. 'कंटेनरला १० जीबी दिलेत' म्हणून निश्चिंत बसायचं आणि लॉग मात्र माउंट केलेल्या फोल्डरात भरत जायचा, हे नेहमीचं आहे.

---

गोकुळ_शिरगाव_देवऑप्स

ओव्हरलेवरून : इमेजमध्ये असलेल्या फाइलची कंटेनराच्या आत हार्ड लिंक केली तर काय होतं माहीत असू दे. खालच्या थराला हात लावता येत नाही, म्हणून ओव्हरले आधी ती फाइल पूर्ण वरच्या थरात उचलतो आणि मग लिंक करतो. २ जीबीच्या फाइलवर एलएन केलं की २ जीबी कंटेनरच्या कोट्यात गेले. लिंक फुकट असते ही समजूत इथं चालत नाही. शिवाय इंडेक्स=ऑन नसेल तर खालच्या थरात आधीच जोडलेली दोन नावं वर उचलताना एकमेकांपासून सुटतात.

बाइंड माउंटचा एक वेगळा सापळा. समजा एकाच कंटेनरला 'आवक' आणि 'संग्रह' अशी दोन फोल्डर दोन वेगळ्या -व्ही नं दिली. दोन्ही एकाच पार्टिशनवर, प्रोजेक्ट आयडीही एकच. तरीही आतून एकातून दुसऱ्यात हार्ड लिंक होणार नाही, पुन्हा ईएक्सडीईव्ही. लिनक्स दोन वेगळ्या माउंटच्या मध्ये लिंक करू देत नाही, खाली फाइल सिस्टिम एक असली तरी. म्हणजे ईएक्सडीईव्ही आली की कारणं तीन : खरंच वेगळी डिस्क, वेगळा माउंट, किंवा वेगळा प्रोजेक्ट. ओळखायला सोपं आहे. तीच लिंक होस्टवर रूट म्हणून करून बघा. झाली तर अडचण माउंटची. नाही झाली आणि स्टॅटमध्ये डिव्हाइस नंबर एकच असला, तर प्रोजेक्टची. माउंटची असेल तर दोन्हींचा वरचा फोल्डर एकच -व्ही करून द्या, प्रश्न मिटला.

पीएनपीएम (जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर) आणि गिट वापरणाऱ्यांनीही हे वाचावं. पीएनपीएम मोड्यूल हार्ड लिंकनं जोडतो आणि जमलं नाही तर कॉपी करतो. गिट क्लोन स्थानिक पाथवरून असेल तर ऑब्जेक्ट लिंक करतो, नाही जमलं तर कॉपी. त्रुटी दिसत नाही, फक्त कोटा भराभर भरतो. गिटला उघडपणे --लोकल दिलं तर मात्र लिंक न झाल्यावर तो थांबतो, म्हणून बिल्ड स्क्रिप्टमध्ये ते द्यावं.

---

रंकाळा_तालीम

आमच्याकडं ईएक्सटी४ आहे. तिथं काय वेगळं करायचं?

---

राजारामपुरी_लिनक्स

प्रोजेक्ट कोटा ईएक्सटी४ मध्ये कर्नल ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पार्टिशन अनमाउंट करून ट्यून२एफएस -ओ प्रोजेक्ट -क्यू पीआरजेकोटा, मग पीआरजेकोटा पर्यायासह माउंट. आयनोडचा आकार २५६ बाइट हवा; फार जुनं पार्टिशन १२८ चं असेल तर प्रोजेक्ट आयडीला जागाच नाही. आयडी लावायला सीएचएटीटीआर -आर +पी -पी ५००००, मर्यादेला सेटकोटा -पी, रिपोर्टला रेपकोटा -पी. (सीएचएटीटीआरमध्ये +पी हा मोठ्या अक्षरातला आणि आयडीचा -पी लहान अक्षरातला, सेटकोटा-रेपकोटात -पी मोठा.)

महत्त्वाचा फरक रूटचा. एक्सएफएसचा प्रोजेक्ट कोटा होस्टच्या रूटलाही अडवतो. ईएक्सटी४ मध्ये कॅप_सिस_रिसोर्स ही कॅपेबिलिटी (खास अधिकार) असलेली प्रोसेस हार्ड लिमिट ओलांडू शकते. डॉकर ही कॅपेबिलिटी एरवी काढून घेतो, पण --प्रिव्हिलेज्ड कंटेनरात ती असते. तसल्या कंटेनरात ईएक्सटी४ चा कोटा नुसता मोजतो, थांबवत नाही. कोटा भरल्यावर ईएक्सटी४ 'डिस्क कोटा एक्सीडेड' असं म्हणतो, तेवढं मात्र सोयीचं.

एक्सएफएसवाल्यांसाठी : कोटा पर्याय रीमाउंटनं लागत नाहीत, अनमाउंट करून पुन्हा माउंटच लागतं. रूट पार्टिशन असेल तर कर्नलच्या ओळीत रूटफ्लॅग्ज=पीकोटा.

---

शाहूपुरी_नेटवर्क

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. यूजर नेमस्पेस (आतले यूजर क्रमांक बाहेर वेगळे धरणारी सोय) नसलेल्या कंटेनरात, म्हणजे डॉकरच्या एरवीच्या मांडणीत, आतला रूट हा बाहेरचाही यूआयडी ० असतो. फाइलचा प्रोजेक्ट आयडी बदलायला फाइलचा मालक असणं पुरतं. म्हणजे आतला रूट सीएचएटीटीआर -पी ० करून आपली फाइल खात्याबाहेर काढू शकतो, आणि प्रोजेक्ट ० ला मर्यादा लागत नाही. स्वतःच्याच माणसांचे कंटेनर असतील तर हरकत नाही. परक्यांना भाड्यानं देत असाल तर यूजरएनएस-रीमॅप चालू करा; मूळ नेमस्पेसच्या बाहेरून प्रोजेक्ट आयडी बदलू द्यायला कर्नल नकार देतो.

रीमॅप केल्यावर यूआयडीचे पट्टे बघा. एका कंटेनरचा रूट बाहेर १००००० असेल, दुसऱ्याचा २०००००, तर सामाईक फाइल एकाला आपली दिसेल आणि दुसऱ्याला ६५५३४, म्हणजे 'नोबडी'ची. वाचायला इतरांना परवानगी असली तर चालतं, लिहिता येणार नाही. आणि सगळ्यांना एकच पट्टा दिला तर यूआयडीवरचा कोटा सगळ्या कंटेनरांचा मिळून मोजला जातो. म्हणून कंटेनरांसाठी यूजर कोट्यापेक्षा प्रोजेक्ट कोटा बरा.

एफएस.प्रोटेक्टेड_हार्डलिंक्स १ आहे ना तेही तपासा. कर्नल ३.६ पासून आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या ज्या फाइलवर लिहायचा अधिकार नाही, तिची लिंक साध्या यूजरला करू देत नाही, ईपीईआरएम (परवानगी नसल्याची त्रुटी) येते. हे ० असेल तर कुणीही तुमच्या फाइलची लिंक आपल्याकडे करून ठेवेल. तुम्ही डिलीट कराल, पण तुमचा कोटा अडकून राहील.

फेडोरा किंवा रेड हॅटवर असाल तर एसईलिनक्सही बघा, म्हणजे लेबल पाहून फाइलीचा प्रवेश ठरवणारी सुरक्षा. लेबलही आयनोडवरच असतं, एकच. -व्ही ला मोठा :झेड दिला की त्या कंटेनरचं खासगी लेबल लागतं. हार्ड लिंक केलेली फाइल दोन कंटेनरांत मोठ्या :झेड नं दिली तर जो शेवटी सुरू झाला त्याला मिळते, पहिल्याला 'परमिशन डिनाइड'. सामाईक फोल्डरला छोटा :झेड.

---

शिरोली_कास्टिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. एक पर्याय विचारायचा राहिला. कोटेशनवाल्यांना काही ड्रॉइंगवर दराच्या खुणा करायच्या असतात, फक्त वाचण्याची परवानगी पुरत नाही. त्या फाइलींची पूर्ण कॉपी घेणं आलंच का?

---

पंचगंगा_घाट

रीफ्लिंक वापरा. सीपी --रीफ्लिंक=ऑलवेज. नवा आयनोड, नवा मालक, नवा प्रोजेक्ट आयडी, पण डेटाचे ब्लॉक सामाईक. ज्या भागावर लिहाल तेवढाच वेगळा होतो. वेगळ्या प्रोजेक्टमध्येही होतं, कारण आयनोड वेगळा आहे. एक्सएफएसप्रॉग्ज ५.१ किंवा पुढच्या आवृत्तीनं बनवलेल्या पार्टिशनवर ते एरवीच चालू असतं; एक्सएफएस_इन्फो मध्ये रीफ्लिंक=१ दिसलं पाहिजे. ० असेल तर पार्टिशन नव्यानं बनवावं लागेल. होस्टवरून करा. कंटेनरच्या आतून, दोन माउंटच्या मधे करायचं तर कर्नल ५.१८ किंवा पुढचा लागतो.

कोट्याचा नियम इथं हार्ड लिंकच्या उलट आहे. रीफ्लिंक केलेली ३ जीबीची फाइल दोन्ही खात्यांवर पूर्ण ३ जीबी पडते, डिस्कवर एकदाच असली तरी. सगळ्या प्रोजेक्टची बेरीज डिस्कच्या वापरापेक्षा जास्त दिसेल, ते चूक नाही. माझ्या मते हाच हिशेब न्याय्य आहे : जो फाइल वापरतो त्याच्या खात्यावर ती आहे, आणि उद्या लिहून ती पूर्ण वेगळी झाली तरी त्याचा कोटा अचानक फुटत नाही. हार्ड लिंकमध्ये एक फुकट खातो आणि दुसरा भरतो. कोटेशनची मर्यादा मात्र त्या अंदाजानं थोडी वाढवून ठेवा.

---

रंकाळा_तालीम

बीटीआरएफएस वर हेच जमेल का?

---

गोकुळ_शिरगाव_देवऑप्स

तिथं प्रत्येक कंटेनरला वेगळं सबव्हॉल्यूम (फाइल सिस्टिमचा स्वतंत्र उपविभाग) देतात आणि दोन सबव्हॉल्यूमच्या मध्ये हार्ड लिंक होतच नाही, तीच ईएक्सडीईव्ही. रीफ्लिंक होतं. क्यूग्रुप (बीटीआरएफएसची कोटा व्यवस्था) दोन आकडे देतो : रेफरन्स्ड म्हणजे दिसणारा सगळा डेटा, एक्सक्लुझिव्ह म्हणजे फक्त त्याचाच. मर्यादा दोन्हींपैकी कशावरही लावता येते. पण एक्सक्लुझिव्हवर लावलीत तर शेजारच्यानं सामाईक फाइल डिलीट केल्यावर तुमचा आकडा वाढतो, तुम्ही काही न करता. रेफरन्स्डवर लावा. झेडएफएसमध्येही डेटासेट ओलांडून हार्ड लिंक नाही.

---

मंगळवार_पेठ_सिसॅडमिन

बॅकअपचं पूर्ण करतो. बॅकअप फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेल्यावर तिथं आरसिंक --लिंक-डेस्ट नं रोजच्या प्रती ठेवा. पहिली प्रत पूर्ण १८० जीबी घेईल, पुढच्या फक्त बदललेल्या फाइलींपुरत्या, कारण सगळ्या तारखांची फोल्डर एकाच प्रोजेक्टमध्ये आहेत. तारखेनुसार वेगळे प्रोजेक्ट करू नका, लिंक होणार नाहीत. जुनी तारीख पुसल्यावर किती जागा सुटेल हे त्या तारखेच्या ड्यूवरून कळत नाही. ज्या फाइलींचा लिंक काउंट १ आहे तेवढ्याच सुटतात.

शिरोलीत पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यावरूनही : एक्सएफएस कोट्याचा हिशेब जर्नलमधून सांभाळतं, ईएक्सटी४ मध्ये कोटा फीचर चालू असेल तर तेही. अचानक बंद पडल्यावर वेगळं कोटाचेक लागत नाही. फक्त एकोटा.यूजर सारख्या फाइलींची जुनी पद्धत असेल तरच कोटाचेक चालवावं लागतं, आणि ते लिखाण बंद ठेवून.

---

शिरोली_कास्टिंग

दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली, मग क्रमानं सगळं केलं. -लिंक्स -४ च्या यादीत कोटेशनमधली बरीच जुनी रिव्हिजन सापडली, ती डिझाइनवाल्यांकडे दिली आहेत. रिपोर्ट आता : मूळ १८० जीबी, डिझाइन ६, कोटेशन १. हे असंच राहतंय ना हे रोज तपासायला काय लावू?

---

राजारामपुरी_लिनक्स

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) रात्री दोन आज्ञा. पहिली, एक्सएफएस_कोटा -एक्स -सी 'प्रोजेक्ट -सी मूळ' /एसआरव्ही/साठा, आणि बाकीच्या प्रोजेक्टसाठीही तीच. -सी फक्त तपासतो, बदलत नाही. फोल्डरात वेगळ्या आयडीची फाइल असेल तर तिचा पाथ आणि कंसात आयनोडवरचा व फोल्डरचा असे दोन्ही आयडी छापतो. सॉकेट, सिमलिंक अशा खास फाइली वगळतो, त्या ओळींकडे लक्ष देऊ नका. दुसरी, फाइंड /एसआरव्ही/साठा -एक्सडेव्ह -टाइप एफ -लिंक्स +१ -प्रिंटएफ '%आय %एन %पी\एन' | सॉर्ट -एन. एकाच आयनोडची नावं एकाखाली एक येतात. दोन वेगळ्या प्रोजेक्टच्या फोल्डरांत एकच आयनोड दिसला तर झेंडा नसलेल्या फोल्डरातून किंवा कोटा लावण्याआधी कुणीतरी लिंक केलेली आहे. तुमच्या मांडणीत बॅकअप दुसऱ्या डिस्कवर गेल्यामुळे ही यादी रिकामीच यायला हवी. एक ओळ जरी आली तरी ईमेल जाऊ द्या. आणि 'प्रोजेक्ट -एस' क्रॉनमध्ये कधीही घालू नका.